अँकर बोल्ट बसवायच्या आधीची तयारी, मी ज्या क्रमाने करतो तशी

अँकर बोल्ट म्हणजे स्टीलचा कॉलम धरून ठेवायला पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेला बोल्ट. त्याचं काम दिसायला छोटं असतं, पण क्रेनला कॉलम लटकलेला आहे आणि बेसप्लेट, म्हणजे कॉलमच्या तळाची प्लेट, चारपैकी तीनच बोल्टांत बसतेय अशी वेळ आली की अख्खी साईट थांबते, म्हणून ही तयारी मी दरवेळी त्याच क्रमाने करतो, कितीही घाई असली तरी.

सगळ्यात आधी ड्रॉइंग. एक नाही, दोन लागतात, फाउंडेशनचं आणि बेसप्लेटच्या फॅब्रिकेशनचं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बोल्टचा व्यास, सेंटर टू सेंटर अंतर आणि रिव्हिजन नंबर जुळवायचा. कॉलमची दिशा पण बघा. बोल्टांचं अंतर दोन्हीकडे सारखं नसेल, समजा एकीकडे २०० आणि दुसरीकडे ३०० मिमी, तर ९० अंशात फिरलेला टेम्प्लेट (ओतकामात बोल्ट जागेवर धरणारी होलची पाटी) नुसत्या नजरेला बरोबरच वाटतो. मी टेम्प्लेटवर लाल रंगाने उत्तर दिशेचा बाण काढतो, खडूने नाही, खडू पाण्याने जातो.

कॉलमला बोल्ट किमान चार हवेत. अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) २००१ च्या स्टील इरेक्शनच्या नियमात हे स्पष्ट आहे, आणि कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून १८ इंचांवर ३०० पाउंड म्हणजे साधारण १३६ किलो वजन आलं तरी बेस आणि बोल्ट टिकले पाहिजेत असंही त्यात आहे. बीम लागायच्या आधी एकट्या उभ्या कॉलमवर माणूस हत्यारं घेऊन चढतो तेव्हा त्याचा जीव त्या चार बोल्टांवरच असतो, त्यामुळे दोन बोल्टांत भागवू असं कुणी म्हणालं तर मी ऐकत नाही.

ग्रेड बघताना बोल्टवरचा आकडा वाचायला शिका. ४.६ म्हणजे ताण-ताकद ४०० मेगापास्कल आणि त्याच्या ०.६ पट म्हणजे २४० ला यील्ड, म्हणजे तिथून बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो, ८.८ म्हणजे ८०० आणि ६४०. माल एफ१५५४ या अमेरिकन मानकाचा असेल तर ३६, ५५ आणि १०५ असे तीन ग्रेड, टोकाला अनुक्रमे निळा, पिवळा, लाल रंग. हे वेगवेगळ्या पेटीतच ठेवा कारण एकदा मिसळले की गंजलेल्या बोल्टवर रंग कुठला शोधणार. १०५ किंवा ८.८ सारख्या जास्त ताकदीच्या बोल्टला वेल्डिंगचा टाकासुद्धा मारायचा नाही, उष्णतेने तिथली ताकद बिघडते. गॅल्व्हनाइज्ड घेत असाल तर नट त्याच पुरवठादाराकडून बोल्टबरोबरच घ्या, जस्ताच्या थरामुळे त्या नटचे आटे थोडे सैल कापलेले असतात, साधा नट त्यावर चढत नाही आणि मग पोरं बोल्टचेच आटे घासत बसतात.

आकाराबद्दल माझं मत पक्कं आहे, उचल, म्हणजे बोल्टला वर ओढणारा ताण, येणार असेल तर जे किंवा एल आकाराचा बोल्ट नको. ताण आला की वाकवलेलं टोक सरळ होत जातं आणि बोल्ट सरकून वर येतो. खाली डोकं असलेला, नाहीतर नट आणि प्लेट लावलेला सरळ बोल्ट घ्या, तो काँक्रीटला नीट धरतो. काँक्रीट निसटतं ते शंकूच्या आकारात, आणि तो शंकू बोल्टच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरापर्यंत चारी बाजूंना पसरतो. म्हणजे ३०० मिमी खोल बोल्टला पूर्ण ताकद हवी तर पेडेस्टलची, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, कड बोल्टपासून ४५० मिमी दूर पाहिजे, आणि तेवढी जागा बहुतेक वेळा नसतेच. कड जवळ आली की ताकद घटते, मग तिथल्या सळया त्या हिशोबाने दिल्यात का हे डिझायनरला आधीच विचारून घ्यायचं.

बोल्ट वर किती ठेवायचा याचा हिशोब कागदावर मांडा, अंदाजाने नाही. एम२४ चं उदाहरण घ्या: ग्राउट (बेसप्लेटखाली भरायचा मसाला) ४० मिमी, बेसप्लेट २५, प्लेट वायसर १०, नट २२, वर लॉकनट २२, शिवाय तीन आटे बाहेर म्हणून १०, झाले १२९. काँक्रीटची लेव्हल थोडी वर येऊ शकते म्हणून १५ जादा धरून मी १४५ ठेवतो. आणि लेव्हलिंग नट, म्हणजे प्लेट लेव्हलला आणायला तिच्याखाली लावायचा नट, लावणार असाल तर आटे ग्राउटच्या जागेतसुद्धा हवेत, नाहीतर नट खालपर्यंत उतरतच नाही.

आता टेम्प्लेट. जमलं तर बेसप्लेटच्याच सीएनसी फाइलवरून स्टीलचा करून घ्या, आणि एक वर एक खाली असे दोन घ्या, कारण एकाच टेम्प्लेटने बोल्ट वर जागेवर राहतो पण खालचं टोक व्हायब्रेटरने हलतं आणि बोल्ट तिरका होतो. बोल्ट सळयांना वेल्ड करू नका, तारेने बांधा किंवा वेगळी फ्रेम करा. टेम्प्लेट शटरिंगला पक्का ठोका, सेंटरलाइनची दोरी दोन्ही बाजूंनी ओढा, कर्ण मोजा. ग्रुपमधल्या कुठल्याही दोन बोल्टांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. आट्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा.

हे सगळं करूनही ओतकाम चालू असताना टेप हातात घेऊन उभं राहावंच लागतं. एका पेडेस्टलला ओतकामाआधी सगळं बरोबर होतं, मी स्वतः मोजलेलं. निम्मं ओतून झाल्यावर व्हायब्रेटरची नळी टेम्प्लेटला घासली, फक्त घासली, आणि परत टेप लावला तर पूर्वेकडची जोडी ११ मिमी सरकलेली. काँक्रीट ओलं होतं म्हणून पहारीने टेम्प्लेट परत दोरीवर आणला, पाचर ठोकली, आजूबाजूला पुन्हा व्हायब्रेटर फिरवला. दहा मिनिटांत निभावलं. तेच दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर पेडेस्टल फोडायची चर्चा झाली असती. म्हणून ओतून झाल्यावर काँक्रीट घट्ट व्हायच्या आत पुन्हा एकदा सगळे ग्रुप मोजायचे आणि वहीत लिहायचे. आणि ओल्या काँक्रीटमध्ये नंतर बोल्ट खुपसायचा प्रकार करू नका, खाली पोकळी राहते आणि ती वरून दिसत नाही.

जुन्या काँक्रीटमध्ये केमिकल अँकर, म्हणजे होल मारून रेझिनने चिकटवलेला बोल्ट, करायचा असेल तर तयारी वेगळी. आधी स्कॅनरने सळया शोधा. मग रेझिनच्या नळीवरची तारीख, काँक्रीटचं तापमान आणि त्या तापमानाला सेट व्हायला लागणारा वेळ, तिन्ही बघून घ्या. होल मारल्यावर फुंकायचं, तारेचा ब्रश फिरवायचा, परत फुंकायचं, कंपनीने जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा, आणि हवा होलच्या तळापासून द्यायची. एकदा माझ्यासमोर बोल्ट हाताने बाहेर आला, रेझिन बोल्टला घट्ट चिकटलेलं होतं पण बाहेरून त्यावर पिठासारखी धूळ, म्हणजे ते होलच्या भिंतीला चिकटलंच नव्हतं. नळीतला पहिला माल रंग एकसारखा येईपर्यंत फेकून द्या, भरताना तळापासून वर या, बोल्ट फिरवत आत घाला आणि मग त्याला हात लावू नका. केमिकल कुठलं हेही तितकंच महत्त्वाचं. १० जुलै २००६ ला बोस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल गाडीवर कोसळून एक बाई गेल्या, तिथलं इपॉक्सी सतत लटकणाऱ्या वजनाखाली हळूहळू सरकत गेलं होतं. कायम उचल असेल तिथे कमी वेळात सेट होतं एवढ्यावर केमिकल निवडू नका, कायमच्या ताणासाठी मंजुरी असलेलंच घ्या.

कॉलम यायच्या आदल्या दिवशी नट हाताने वरपासून खालपर्यंत फिरवून बघा, जो अडकतो त्याचे आटे साफ करा. बोल्ट जागेवर नसेल तर पाइप घालून वाकवू नका आणि बेसप्लेटचं होल गॅसने वाढवू नका, मोजमाप आणि फोटो डिझायनरला पाठवा, उत्तर येईपर्यंत तो कॉलम बाजूला ठेवा. काँक्रीट ७५ टक्के ताकदीला आलंय याचा क्यूबचा (काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे दाबून केलेल्या चाचणीचा) रिपोर्ट हातात असल्याशिवाय इरेक्शन, म्हणजे कॉलम उभे करणं, सुरू नको. कॉलम ओळंब्यात आला की नट नीट आवळा, मग नॉन-श्रिंक, म्हणजे सुकताना न आकसणारा, ग्राउट एकाच बाजूने ओता, पलीकडून बाहेर येईपर्यंत, म्हणजे प्लेटखाली हवा अडकणार नाही.