मंगल कार्यालयाच्या फरशीवर बोशियाचं कोर्ट

बोशिया हा तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा, व्हीलचेअरवर बसून खेळायचा खेळ: जॅक म्हणजे पांढरा चेंडू, त्याच्या जितकं जवळ आपले चेंडू नेता येतील तितकं न्यायचे. त्याला सपाट, कडक, गुळगुळीत जमीन लागते. सांगली-साताऱ्यात अशी जागा सहज मिळते ती मंगल कार्यालयात, आणि चातुर्मासात मुहूर्त नसल्याने भाड्याचंही बोलता येतं. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे. पॅरिसला २०२४ मध्ये त्याच्या ११ पदक-स्पर्धा झाल्या. तिथलं कोर्ट आणि आपलं कोर्ट यांच्या मापात तसूभरही फरक नको, कारण खेळाडूचा हात अंतर लक्षात ठेवतो.

आधी फरशी बघा. शहाबादी असेल तर नाद सोडा, सांध्यावर चेंडू दिशा बदलतो. मोठ्या, बारीक सांध्यांच्या टाइल्स चालतात. चार-पाच ठिकाणी चेंडू हळूच सोडून पाहा. सगळीकडून एकाच बाजूला वळत असेल तर उतार आहे. लग्नसराईत हॉल मिळालाच, तर दोनदा झाडू मारा. अक्षतेचा एक दाणा संथ होत आलेल्या चेंडूखाली आला की चेंडू दोन-तीन बोटं सरकतो, आणि इथे गुण तेवढ्यावरच जातो.

कोर्ट १२.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद. माप बाहेरच्या रेषेच्या आतल्या कडेपासून धरा. चारी कोपऱ्यांवर खडूने खूण करून दोन्ही कर्ण मोजा: प्रत्येक १३.८६ ते १३.८७ मीटर यायला हवा. दोघांत फरक आला तर कोर्ट तिरकं झालंय. टेप लावण्याआधीच दुरुस्त करा. बाहेरच्या रेषांना ५ सेंटिमीटरची टेप, आतल्या रेषांना इलेक्ट्रिशियनची साधी इन्सुलेशन टेप पुरते.

एका टोकाला १ मीटर रुंद, २.५ मीटर खोल अशा सहा फेक-पेट्या आखा. त्यांची पुढची कड ही फेक-रेषा. तिच्यापुढे उरलेल्या १० मीटरच्या बरोबर मध्यावर फुली: फेक-रेषेपासून ५ मीटर, दोन्ही बाजूंपासून ३ मीटर. आता इंग्रजी व्ही आकाराची रेषा. तिचं टोक मध्यावर फेक-रेषेपासून १.५ मीटरवर, तिचे हात बाजूच्या रेषांना ३ मीटरवर भिडतात. प्रत्येक हात ३.३५ मीटर भरला की व्ही बरोबर. बरेच जण ती उलटी आखतात. टोक खेळाडूंकडे असतं. जॅक या रेषेपलीकडे जावा लागतो, म्हणूनच कडेच्या पेट्यांतून तो जास्त लांब टाकावा लागतो.

चेंडू सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा, तोच जॅक. वजन २७५ ग्रॅम, १२ ग्रॅम इकडेतिकडे चालतं. घेर २७ सेंटिमीटर, ८ मिलिमीटरच्या फरकाने. किराणा दुकानातला डिजिटल काटा आणि शिंप्याची टेप यांवर घरीच तपासा. सरावाला चामड्याचे चेंडू शिवून घेत असाल तर आत नाचणी-ज्वारी भरू नका. पावसाळ्यात धान्य सादळतं, वजन वाढतं, पुढे किडतं. प्लॅस्टिकचे दाणे घाला. गच्च भरलेला चेंडू लांब पळतो, सैल भरलेला पडेल तिथे बसतो. चांगले खेळाडू दोन्ही बाळगतात: सैल जॅकजवळ बसवायला, कडक समोरचा चेंडू ढकलायला.

वैयक्तिक सामन्यात चार डाव. लाल चेंडूंचा खेळाडू तिसऱ्या पेटीत, निळ्यांचा चौथ्या. पहिल्या डावात लालचा खेळाडू जॅक टाकतो आणि लगेच आपला पहिला चेंडू, मग निळ्याचा. यानंतर ज्याचा चेंडू जॅकपासून दूर, तोच टाकत राहतो, जवळ जाईपर्यंत किंवा चेंडू संपेपर्यंत. हे नीट समजलं की पहिला चेंडू जॅकच्या अगदी पुढ्यात का बसवायचा ते कळतं: तो वाट अडवतो आणि समोरच्याचे दोन-तीन चेंडू खाऊन टाकतो. गुण असे: लाल ८ आणि १२ सेंटिमीटरवर, निळ्याचा सर्वांत जवळचा १५ वर, तर लालला २. जॅक खेळात बाहेर गेला तर फुलीवर ठेवतात. बाहेरच्या रेषेला शिवलेला चेंडू बाद.

खेळाडूंच्या शारीरिक क्षमतेनुसार चार वर्ग आहेत. बीसी१ ला मदतनीस चालतो, बीसी२ ला नाही, बीसी४ मध्ये फक्त पायाने खेळणाऱ्याला चालतो. बीसी३ चा खेळाडू रॅम्पवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, चेंडू सोडतो आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रॅम्प धरणाऱ्याने कोर्टाकडे पाठच ठेवायची. घरचं माणूस असतं, जीव राहवत नाही, मान वळते आणि दंड बसतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मागे न बघताच सराव करा. खेळाडूने खुणेने सांगायचं: किती डावीकडे, किती वर.

सरावाचा रॅम्प ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून होतो. चेंडूचा व्यास ८.६ सेंटिमीटर, त्यात तो आरामात धावतो. दोन तुकडे जोडत असाल तर खालचा तुकडा सांध्यावर वरच्यापेक्षा केसभर खाली ठेवा. वर आला तर चेंडू उडी मारतो. कडेला दर ५ सेंटिमीटरवर खूण करा आणि कोणत्या खुणेवरून सोडलेला चेंडू किती मीटरवर थांबतो ते वहीत लिहा. हॉल बदलला की वही नव्याने लिहायची. आडवा ठेवलेला अख्खा रॅम्प २.५ बाय १ मीटरमध्ये मावला पाहिजे. नेम धरायला किंवा चेंडूला वेग द्यायला त्यावर कुठलंही साधन लावता येत नाही.

व्हीलचेअरची बैठक उशीसकट ६६ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. बऱ्याच वेळा गादी बदलल्यावर ही मर्यादा ओलांडली जाते. फेकताना चाक, पाय किंवा रॅम्प रेषेला लागला तर फाउल. पुढच्या चाकाची जागा खडूने आखून सराव घ्या, सवय लागते.

टेप त्याच संध्याकाळी काढा. गोंद राहिलाच तर खोबरेल तेलाने सुटतो, पण नंतर तो पट्टा साबणाने धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाढपी आमटीसकट घसरेल आणि हॉल पुन्हा मिळायचा नाही.