ॲपल पिकिंगला जाताय? आधी हे वाचा, मग पिशवी भरा

सप्टेंबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय, ॲपल पिकिंगला, म्हणजे बागेत जाऊन आपल्या हाताने सफरचंदं तोडून आणायला, कधी जायचं. मग सगळे ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी बारा वाजता निघतात, ट्रॅफिकमध्ये अडकतात, फोटो काढतात, हाताला लागतील ती सफरचंदं भरून आणतात आणि महिन्याभराने त्यातली निम्मी सुरकुतलेली फेकून देतात. आम्हीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

तर सगळ्यात आधी तारीख नाही, जात ठरवा. हापूस-पायरी संपत आली की नीलम येतो ना, तसंच इथे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन व्हॅलीतल्या बागांमध्ये गाला आणि मॅकिंटॉश सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे साधारण गणपतीच्या आगेमागे, त्यानंतर हनीक्रिस्प, महिनाअखेरीला एम्पायर, दसऱ्याच्या सुमारास गोल्डन डिलिशस आणि अगदी शेवटी फुजी नि ग्रॅनी स्मिथ. हवामानाप्रमाणे आठवडा-दोन आठवडे इकडेतिकडे होतं, म्हणून आदल्या रात्री बागेची वेबसाइट बघा नाहीतर सरळ फोन करा. घरचीच माणसं बाग चालवत असतात, आज काय तयार आहे ते नीट सांगतात. वीकेंडला बऱ्याच ठिकाणी आधी बुकिंग लागतं, तेही तेव्हाच विचारून घ्या.

सकाळी उघडताच पोचा. गवत दवाने ओलं असतं, चांगले सँडल घालून जाऊ नका. पिशवी बहुतेक ठिकाणी गेटवरच विकत घ्यावी लागते, पेक किंवा हाफ बुशेल. पेकमध्ये साधारण साडेचार किलो मावतात, हाफ बुशेलमध्ये त्याच्या दुप्पट. चौघांच्या घराला पेक पुरे, मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, आम्ही घेतली होती.

आता तोडायचं कसं. लाल दिसलं म्हणजे पिकलं असं नाही, लाली उन्हाने पण येते. लाल रंगाच्या मागे जो मूळ रंग असतो, देठाजवळ नीट दिसतो, तो हिरव्याचा पिवळसर झालाय का बघा. ग्रॅनी स्मिथ अर्थात हिरवंच राहतं. झाडाच्या बाहेरच्या बाजूची, ऊन लागणारी फळं आधी तयार होतात, तिथून सुरुवात करा. एखादं खाऊन बघायला चालेल का ते विचारा, चालत असेल तर चावून बिया बघा, तपकिरी झाल्या असतील तर बहुतेक त्या झाडाची फळं तयार झालीत.

फळ तळव्यात धरा, वर उचला आणि हलकासा पीळ द्या. तयार असेल तर देठासकट अलगद हातात येतं. नाही आलं तर सोडून द्या, कुस्ती खेळू नका. खाली ओढलं तर ज्या आखूड काडीला फळ लागतं तीच तुटते आणि पुढच्या वर्षीचा फुलाचा डोळा तिच्यावरच असतो. शिवाय एका हिसक्यात शेजारची दोन-तीन खाली पडतात ती वेगळीच. मुलांना हे आधी सांगून ठेवा, झाडं बुटकी असतात त्यामुळे त्यांचेही हात पोचतात. खाली पडलेली उचलू नका, तिथे हरणं फिरतात आणि गोड वासाला गांधीलमाश्याही जमलेल्या असतात. पिशवीत फेकायची नाहीत, ठेवायची. जिथे आपटतं तिथूनच सडायला लागतं.

निघताना सफरचंदाचा रस घालून केलेले गरम सायडर डोनट घ्याच, रांग कितीही असू दे.

घरी आल्यावर धुवू नका. मार लागलेली बाजूला काढून आधी संपवा, बाकीची भोकं असलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, गाजरांपासून लांब. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो, त्याने गाजरं कडू होतात. हनीक्रिस्प नुसतं खायला, कडाक्कन तुटतं आणि रस हनुवटीवर येतो, मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली आणलेली जात आहे, कौतुक उगाच नाही. मॅकिंटॉश शिजवलं की लगेच विरघळतं, शिऱ्यात घाला. एम्पायर मुलांच्या डब्याला.

आणि ग्रॅनी स्मिथचा तक्कू! इथे हवी तेव्हा चांगली कैरी मिळत नाही, त्यावर हा आमचा तोडगा. सालासकट जाडसर किसा, लगेच लिंबू पिळा नाहीतर किस काळा पडतो, त्यात तिखट आणि गूळ घाला, गूळ कैरीला घालतो त्याच्या निम्माच. मोहरी, मेथी, हिंग, हळदीची फोडणी पूर्ण गार करून ओता. मीठ वाढायच्या थोडं आधी घाला, लवकर घातलं तर पाणी सुटतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा दोनदा वाढून घेतला आणि मग विचारलं, ऑक्टोबरात कैरी कुठे मिळाली गं?