उघडा पडलेला कागद

एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पाडून, टेस्टर लावूनच सीलिंगमधल्या दिव्याला हात लावायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. नसेल तर आधी ते शिका, मग घोड्यावर, म्हणजे घडीच्या शिडीवर, चढा.

दोन वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढून मी सुटी कामं धरली. पहिलंच ठाण्यातल्या कासारवडवलीत, गणपती दहा दिवसांवर. हॉलमधला आठ इंची एलईडी पॅनेल काढून सहा इंची बसवायचा आणि भोवतीचं जिप्सम बोर्ड नीट करायचं. जुन्या पॅनेलच्या स्प्रिंगा बोर्डात रुतलेल्या. घाईत ओढला, तर बोर्डावरचा तळहाताएवढा कागद सोलून खाली आला.

जुनं मोठं भोक बुजवायचा तुकडा मी चांगला बसवला. भोक चौकोनी कापून घेतलं, आत प्लायच्या पट्ट्या आडव्या सारल्या, 12.5 एमएमच्याच बोर्डाचा तुकडा 25 एमएमच्या स्क्रूने कसला. सांध्यावर फायबर टेप, त्यावर कंपाउंडचे, म्हणजे सांधे भरायच्या लुकणाचे, तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. सहा इंची भोक शेवटी होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, पाडलं. भोकात नुसता पीओपीचा गोळा थापून मोकळे होणारेही आहेत. त्याला आधार नसतो, कडेने गोल भेग जातेच. त्यांच्याकडून चहा प्या, काम शिकू नका.

माझा घात त्या सोललेल्या कागदाने केला. वरचा गुळगुळीत थर गेला की खाली तपकिरी, लवदार कागद उघडा पडतो. कंपाउंडमध्ये पाणी असतं. हा कागद ते पितो, फुगतो आणि बोर्डापासून सुटतो. मी थेट त्यावर कंपाउंड ओढलं, घासलं, रंगही मारला. दुपारी सपाट दिसत होतं. संध्याकाळी घरच्यांनी कोव्ह लाइट (सीलिंगच्या कडेच्या खाचेतली) लावली, उजेड सीलिंगला घासून गेला आणि पुरीसारखा टम्म फुगा दिसला. मी काय केलं? वरून आणखी कंपाउंड. फुगा वाढला.

करायचं असं: सुटलेली कड कटरने कापा, घट्ट चिकटलेला कागद लागेपर्यंत. ओढू नका, ओढलं की चिरत पुढे जातो. लव पॉलिशपेपरने हलकी घासा. ऑइल प्रायमरचा पातळ हात मारा, पूर्ण वाळू द्या, मगच कंपाउंड. फुगा आलाच असेल तर तो कापून टाका आणि पुन्हा इथूनच सुरू करा. रंगाआधी मोबाइलचा टॉर्च सीलिंगला आडवा टेकवून बघा.

उस्तादांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "कागद फाटतोच कशाला?" गुरू म्हणून मोठा माणूस, पण शिकवणं हा वेगळा धंदा. व्हिडिओवरही फार विसंबू नका. तिथे पुढचा हात क्षणात वाळतो, श्रावणात ठाण्यात अख्खी रात्र जाते.

बाकी घाबरू नका. सांध्यावर लाट येईल, मान भरून येईल, डोळ्यांत भुकटी जाईल, म्हणून चष्मा लावा. लाट घासून जाते, हातही बसतो. मात्र बोर्ड ओल धरून अंगठ्याने दबत असेल, तर वरच्या मजल्याची गळती थांबल्याशिवाय काम घेऊच नका, पैसे कितीही देवोत.

तिसऱ्या खेपेला गेलो, तर मखर नेमकं त्याच दिव्याखाली मांडलेलं. घरातल्या आजींनी मखराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दादा, घोडा कुठे लावणार?"