थंडीतली पिल्लांची मरतूक: औषधाआधी ब्रूडर बघा

दिवाळीनंतर आणलेल्या कोंबडीच्या पिल्लांत पहिल्या आठ-दहा दिवसांतच मरतूक सुरू झाली, की हात जातो तो अँटिबायोटिकच्या पुडीकडे. खोट मात्र बहुतेक वेळा ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या बल्बच्या जागेत असते. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आणि निफाडकडच्या थंडीत दुपारचे ऊन बघून लावलेले बल्ब पहाटे पुरत नाहीत.

पिल्ले येण्याच्या 24 तास आधी ब्रूडर सुरू करा. तुसाची गादी 2 ते 3 इंच हवी आणि ती आतून तापलेली हवी. पिल्लाचे पाय गालाला लावून बघा. गार लागले तर गादी थंड आहे. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअस ठेवा, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश उतरवा. थंडीत पिल्लामागे 2 वॅट धरा, म्हणजे 200 पिल्लांना 100 वॅटचे चार बल्ब. एलईडी लावू नका, त्याने फक्त उजेड पडतो.

रात्री दोन-तीन वाजता एकदा डोकावा. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट चालला असेल तर ऊब कमी पडतेय. चिक गार्डच्या (पिल्लांभोवती उभ्या केलेल्या गोल कड्याच्या) कडेला जाऊन चोची उघडून धापत असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरून वारा शिरतोय.

पण म्हणून पडदे गच्च बांधायचे नाहीत. वरची फूटभर फट मोकळी ठेवा. नाहीतर अमोनिया साठतो, डोळे पाणावतात, गादी ओली होते. आत गेल्यावर तुमचेच डोळे चुरचुरले तर पिल्लांचे काय होत असेल? वीज गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवणार असाल तर ती बाहेर पेटवून धूर पूर्ण गेल्यावरच आत न्या, आणि तेव्हाही फट उघडीच असू द्या.

मागे शी चिकटून गुदद्वार बंद झाले असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ करून काढा, ओढू नका; पिल्लू कोरडे करूनच परत सोडा. पोटाखालची बेंबीची खपली म्हणजे शी नव्हे. ती काढली तर जखम होते. बेंबी ओली, काळसर, पोट फुगलेले आणि वास येत असेल तर संसर्ग हॅचरीतूनच आलेला असतो. अशी पिल्ले फारशी वाचत नाहीत. ती वेगळी काढा आणि हॅचरीला लगेच कळवा.

पांढरी, चिकट हगवण लागून भराभर मरू लागली तर साल्मोनेला जंतूचा संशय घ्या. दोन-तीन ताजी मेलेली पिल्ले बर्फात ठेवून, पण न गोठवता, शवविच्छेदनाला न्या. अँटिबायोटिक कोणते आणि किती, हे त्यानंतर पशुवैद्यक ठरवतील. आवाज न करता नुसतीच धाप लागत असेल तर आधी गादी हुंगा. बुरशी लागलेल्या तुसामुळे फुप्फुसे धरतात, त्यावर खात्रीचे औषध नाही. तूस पूर्ण बदला.

तिसऱ्या आठवड्यानंतर ओल्या गादीवर रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस येतो. पिल्ले पंख पाडून एका जागी बसतात, शीमध्ये रक्त दिसते. 20 टक्के अँप्रोलियम पावडर लिटरमागे 1.2 ग्रॅम, पाच दिवस. दुसरे पाणी ठेवू नका. अँप्रोलियम जंतूंना बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यामुळे याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स दिले तर औषध वाया जाते. व्हिटॅमिन नंतर द्या. भांड्यांभोवतीचे ओले तूस रोज उचला, नाहीतर पंधरवड्यात दुखणे परत येते.

लसोटा (राणीखेत रोगाची लस) 5 ते 7 व्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची लस 14 व्या दिवशी. कळप मलूल असेल तर लस पुढे ढकला. पाण्यातून द्यायची असेल तर क्लोरीनचे नळाचे पाणी चालत नाही. मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.