गुलाब पुन्हा फुलेना, तेव्हा
कुंडीतला गुलाब एकदा भरभरून फुलला आणि मग रुसला. पाकळ्या गळलेल्या देठांवर हिरवी बोंडं धरली होती. झाडाची ताकद बी पोसण्यात चालली होती. ती सगळी छाटली. नुसतं वाळकं फूल खुडून भागत नाही, खालून किडमिडीत फुटवा येतो. देठावरून खाली येत पाच पर्णिकांचं (म्हणजे पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं), बाहेरच्या बाजूला वळलेलं पहिलं दणकट पान शोधलं आणि त्याच्या जरा वर कात्री लावली. त्या बेचक्यात बारीक तांबूस डोळा दिसतो, तोच फुटतो. साधारण सहा-सात आठवड्यांत पुन्हा फुलं. घोसाने फुलणाऱ्या जातीत सुकेल तसं एकेक फूल काढायचं, दांडा शेवटी. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जुन्या जातींना मात्र या छाटणीने दुसरा बहर येत नाही.