गुरुवारी पहाटे टर्की अजून दगड!

न्यू जर्सीतलं आमचं थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की भाजून सगळ्यांनी मिळून जेवायचा अमेरिकेतला सण. घरी जेवायला १४ माणसं येणार, आणि गुरुवारी पहाटे ५ वाजता पाहते तर १२ पौंडांची टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) आतून गोठून दगड. फ्रिजमध्ये बर्फ सुटायला दर ४-५ पौंडांना एक दिवस लागतो. मी ती फ्रीजरमधून मंगळवारी रात्री खाली काढली होती. ३ दिवस हवे होते, मिळाला दीड.

सासूबाई म्हणाल्या, "ओट्यावर ठेव, नाहीतर गरम पाण्यात घाल." मी म्हटलं, "आई, दोन्ही नको." आतला भाग गोठलेला असतानाच वरचं मांस कोमट होतं, आणि ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या मध्ये जंतू भराभर वाढतात.

मग थंड पाणी. टर्की न गळणाऱ्या जाड पिशवीत बांधली, सिंकमध्ये नळाचं थंड पाणी भरून पूर्ण बुडवली. दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं, हे अजिबात चुकवायचं नाही. मी फोनवर गजर लावला होता. हिशेब पौंडाला अर्धा तास, म्हणजे ६ तास. आमची थोडी सुटलेली होती, साडेचार तासांत झाली. पोटात हात घालून चाचपलं. मान आणि कलेजी-पेट्याची पुडी अलगद निघाली.

पाण्यात सोडवलेली टर्की लगेच शिजवायची. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर, सुमारे ३ तास. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर १६५ दाखवेपर्यंत काढली नाही. तोवर सिंक आणि ओटा साबणाने घासून घेतला. पाहुणे २ वाजता आले.