निपाणीत बसून बौद्ध अध्ययनात एम. ए.: आधी पाली, मग बाकीचं

माझं एम. ए. पूर्ण झाल्यापासून खानापूर, चिक्कोडी, संकेश्वरकडच्या मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न फीचा असतो, दुसरा नोकरीचा. पालीबद्दल, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेबद्दल, कुणीच विचारत नाही. म्हणून मी पालीपासूनच सुरुवात करते. फी आणि नोकरीचं ओघात येईलच.

माझ्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि संध्याकाळी हात धुऊन वंदना. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे पंचशीलातलं पहिलं वाक्य मी तिच्या तोंडून बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आले. पहिल्या सत्रात एका रात्री मी मोबाईलवर पाठ ऐकत बसले होते, तेव्हा तिनं विचारलं, “वेरमणी म्हणजे काय गं? चाळीस वर्षं म्हणत्येय मी.” मी पटकन सांगून टाकलं, “वैराचं काहीतरी असणार.” दुसऱ्या दिवशी शब्दकोश उघडला तर तिथं निराळंच. शब्द ‘विरमण’शी जोडलेला, म्हणजे थांबणं, एखाद्या गोष्टीपासून दूर राहणं. आपण मराठीत ‘विराम’ म्हणतो, त्याच घरातला. आईला तसं सांगितलं. पुढं काही आठवड्यांनी खुद्दकपाठ या छोट्या पाली ग्रंथाची अट्ठकथा, म्हणजे जुनी टीका, वाचताना ओळ सापडली, ‘वेरं मणतीति वेरमणी’. जी वैराला नाहीसं करते ती वेरमणी! म्हणजे मी अंदाजानं जे बोलले होते, तसाच अर्थ जुन्या टीकाकारांनीही लावला होता.

आता यातलं खरं कुठलं? शब्दाची व्युत्पत्ती म्हणून पहिलं. परंपरेनं तो शब्द कसा समजून घेतला याचा पुरावा म्हणून दुसरं. पदव्युत्तर अभ्यासात हेच करायचं असतं. दोन्ही उत्तरं मांडायची, दोन्हींचा पत्ता द्यायचा आणि एकाच्या जागी दुसरं घुसवायचं नाही. मला हे कुठल्या व्याख्यानापेक्षा आईच्या त्या प्रश्नानं जास्त शिकवलं.

पालीला घाबरू नका. मराठी बोलणाऱ्याला ती परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, दन्त म्हणजे दात, भत्त म्हणजे भात, दुद्ध म्हणजे दूध, सप्प म्हणजे साप, अज्ज म्हणजे आज. पालीतलं जोडाक्षर मराठीत सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो, हा नियम एकदा कानात बसला की निम्मा शब्दसंग्रह ओळखीचा वाटायला लागतो. माझ्या वर्गात युरोपातली मंडळी होती. ती रात्र रात्र जे पाठ करायची, ते मला आजीच्या बोलण्यात सापडायचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच निर्णयात पालीही होती. ती बातमी ऐकून मला फार बरं वाटलं.

मात्र ओळखीच्या शब्दांवर विसंबून राहू नका. धम्मपदातली ती प्रसिद्ध गाथा घ्या, ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’. ‘वेरेन’ म्हणजे वैरानं, हे लगेच कळतं. पण ‘सम्मन्तीध’ मी शब्दकोशात किती वेळ शोधत होते! तो एक शब्दच नाही. ‘सम्मन्ति’ आणि ‘इध’ यांची संधी आहे, शमतात, इथं. संधी सोडवता आली नाही तर शब्दकोश हाताशी असून उपयोग नाही. धम्मपदात ४२३ गाथा आहेत. रोज एक सोडवली तर सव्वा वर्षाच्या आत सगळं पुस्तक होतं आणि व्याकरणही अंगवळणी पडतं.

साहित्याला पैसे लागत नाहीत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं छट्ठ संगायनाचा, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीत तपासलेला, सगळा पाली मजकूर देवनागरीत मोफत दिला आहे. इंग्रजी भाषांतरं सुत्तसेंट्रल या संकेतस्थळावर आहेत. एक गोष्ट मात्र प्रवेशाआधीच शिकून घ्या. बहुतेक अभ्यासग्रंथ पाली रोमन लिपीत छापतात, अक्षरावर आडवी रेघ, अक्षराखाली ठिपका अशा खुणांसह. त्या वाचायला आठवडा पुरतो, टाईप करायला थोडा जास्त वेळ लागतो.

आता अभ्यासक्रम निवडण्याबद्दल. भारतात पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठात पालीचा विभाग आहे, बिहारमध्ये १९५१ साली स्थापन झालेलं नव नालंदा महाविहार आहे. कुठला अभ्यासक्रम घरी बसून करता येतो, हे दरवर्षी त्यांच्याच माहितीपत्रकात बघावं. भारतातल्या दूरशिक्षणाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी आहे का, ते स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. प्रवेशाला याच विभागाचा ओळख क्रमांक, डीईबी आयडी, लागतो, तो आधीच काढून ठेवा. मी परदेशातल्या एका विद्यापीठाचा दोन वर्षांचा, पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. फी हप्त्यांनी भरली, आणि दर हप्त्याला बँकेचं कमिशन व चलनाचा बदलता दर यानं हिशेब चुकत गेला. तेवढी रक्कम वेगळी धरा. परदेशी पदवी इथं नोकरीसाठी वापरायची असेल तर तिला समकक्षता मिळते का, याचं उत्तर फी भरण्यापूर्वी लेखी घ्या. पदवी हातात आल्यावर विचारणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांचे हाल बघवत नाहीत.

विद्यापीठाला आणखी दोन प्रश्न विचारा. मूळ पाली किंवा संस्कृत ग्रंथ शिकवता की फक्त भाषांतरावरून? आणि निबंधावर शेरे लिहून परत देता की नुसते गुण? दुसऱ्याचं उत्तर ‘नुसते गुण’ असेल तर तिथं जाऊ नका. दूरशिक्षणात शिक्षक भेटत नाही, त्यानं समासात लिहिलेले शेरे म्हणजेच आपला वर्ग.

आपल्या सीमाभागातल्या मुलांना एक अडचण हमखास येते, ती नावाची. माझी दहावी कर्नाटकात झाली, मार्क्स कार्डावर आद्याक्षर आधी आणि मग नाव. पदवी कोल्हापूरच्या कॉलेजची, तिच्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. विद्यापीठानं विचारलं, या तिघी एकच का? माझा प्रवेश तीन आठवडे अडकला. वकिलाकडून अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी, त्याचं इंग्रजी भाषांतर असं सगळं करून तो सुटला. तुमची कागदपत्रं आजच समोर मांडून बघा. आणखी एक: अनुसूचित जातीचा कर्नाटकचा दाखला महाराष्ट्र सरकारच्या आरक्षणाला चालत नाही, कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर असलं तरी. त्या हिशेबावर पुढचे बेत रचू नका.

मी शाळेत शिकवते. पहाटे साडेचार ते साडेसहा हा माझा अभ्यास. ऑनलाइन चर्चा रात्री असायची आणि नेमका तेव्हा करंट जायचा. मोबाईलचं नेट, चार्ज केलेली पॉवर बँक आणि आधीच उतरवून घेतलेला मजकूर, एवढी तयारी असली की अडत नाही. इंग्रजीत बोलायची भीती मला सहा महिने पुरली. मग मी प्रत्येक चर्चेआधी दोन वाक्यं लिहून ठेवायला लागले आणि पहिल्या दहा मिनिटांत ती बोलून टाकायची. एकदा तोंड उघडलं की पुढचं जमतं.

सगळ्यात जास्त जपून सांगायची गोष्ट घरातल्या श्रद्धेची आहे. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब निपाणीला परिषदेसाठी आले होते, त्या आठवणींवर आमची घरं वाढली. अशा घरात मी एकदा मामाला म्हणाले की म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा जुन्या सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, त्यांच्याबद्दल नाही. दीघनिकाय या सुत्तसंग्रहातल्या महापदान सुत्तात ती फार पूर्वीच्या विपस्सी नावाच्या बुद्धांबद्दल सांगितली आहे. मामा जेवता जेवता थांबला. “शिकून हेच करायचं होतं का?” एवढंच म्हणाला. ते मला फार लागलं. रात्रभर विचार केला आणि सकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ त्याच्यापुढं ठेवलं. बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच हा प्रश्न विचारला आहे: एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसानं म्हातारपण, आजार, मरण पाहिलंच नव्हतं, हे कसं पटावं? त्यांनी गृहत्यागाचं कारण शाक्य आणि कोलियांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखवलं. मामानं ती पानं दोनदा वाचली. त्यानंतर तोच मला प्रश्न काढून देऊ लागला.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं. तुम्हाला विद्यापीठात शिकवतील की अमुक सुत्त नंतरचं, तमुक कथा उशिरा जोडलेली. ते ऐकून कुणी गप्प होतो, तर कुणी घरच्यांना अडाणी समजू लागतो. दोन्ही करू नका. ग्रंथाचा काळ ठरवणं हा एक प्रश्न आहे आणि त्या ग्रंथानं आपल्या माणसांना काय दिलं हा दुसरा. निबंधात पहिल्याचं उत्तर पुराव्यानं द्या. घरी बोलताना दुसरा कधी विसरू नका.

माझा पहिला निबंध जेमतेम पास झाला. शेरा होता, ‘हे तुम्हाला कुठं मिळालं?’ मी सगळं ऐकीव लिहिलं होतं, विहारातल्या भाषणांतलं, पुस्तिकांमधलं. तेव्हापासून वही केली: डाव्या पानावर मूळ ओळ आणि सुत्ताचा क्रमांक, उजव्या पानावर माझं म्हणणं. दोन पानं कधी मिसळू द्यायची नाहीत. शेवटपर्यंत ही वही टिकली.

प्रबंधाला मी आपल्या राज्यातलाच, म्हणजे कर्नाटकातला, विषय घेतला. गदग जिल्ह्यातल्या डंबळला १०९५ सालचा शिलालेख आहे, तिथल्या बौद्ध विहाराला आणि तारा या बौद्ध देवीला दिलेल्या दानाचा. अकरावं शतक संपत आलं तरी इथं विहार नांदत होते आणि त्यांना दान मिळत होतं. अशोकाचं नाव असलेला मस्कीचा लेख, सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला सापडलेलं ‘रायो असोको’ (राजा अशोक) असं कोरलेलं शिल्प, हे सगळं याच राज्यात आहे. डंबळच्या लेखाची भाषा जुनी कन्नड, म्हणजे हळेगन्नड. शाळेत मी कन्नड नाइलाजानं शिकले होते, मन कधी लावलं नव्हतं. इथं तीच लिपी कामाला आली. हळेगन्नड मला कळत नव्हतं, ते आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी महिनाभर मधल्या सुट्टीत बसून ओळ न् ओळ फोडून सांगितलं. त्यांचे आभार प्रबंधात पहिल्या ओळीत आहेत. मराठी घर, कन्नड लिपी आणि पाली वंदना, या तिन्ही गोष्टी एका माणसाकडं असणं ही आपल्या भागातल्या मुलांची श्रीमंती आहे. विषय निवडताना ती वापरा. जमलं तर मुंडगोडलाही जाऊन या. तिथल्या तिबेटी वसाहतीत द्रेपुंग आणि गादेन हे मोठे मठ आहेत. भिक्खू अंगणात टाळ्या वाजवत वाद घालतात, ते पाहिलं की बौद्ध तर्कशास्त्राची पुस्तकं निराळी वाटायला लागतात.

नोकरीचं सरळ सांगते. या विषयाच्या जागा कमी आहेत. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत पाली हा विषय आहे, आणि बौद्ध, जैन, गांधी व शांतता अध्ययन असा दुसराही आहे. एम. ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव वर्गाला ५०. प्राध्यापकीच्या वाटेनं जायचं असेल तर पहिल्या सत्रापासून ती तयारी धरा. नोकरीत असाल तर शिकण्याची परवानगी लेखी घ्या. मला बढती मिळाली नाही, पगार वाढला नाही. तरी मी हे पुन्हा केलं असतं.

आमच्या विहारात रविवारी दुपारी चारला आम्ही सातआठ जण धम्मपद वाचतो. आई सूप बाजूला ठेवून येते, मामा येतो, पी.यू.सी.ची (अकरावी-बारावीची) दोन पोरं येतात. प्रत्येकानं एका शब्दाची फोड करून आणायची. यमकवग्ग हा पहिला भाग संपला, आता दुसरा, अप्पमादवग्ग, चालू आहे. एम. ए.चा अर्ज भरायच्या आधी असं वाचन तुमच्या गावात सुरू करून बघा. तीनच माणसं जमली तरी चालतं.